दिवा लागला की कन्नड

खानापुरात, तहसील कचेरीच्या समोर,
झेरॉक्सच्या दुकानाला टेकलेल्या पत्र्याखाली
लुमाण्णा किल्लेकर अठ्ठेचाळीस वर्षं टाइप करतात.
आधी दोन यंत्रं होती. डावीकडं मराठी, उजवीकडं कन्नड,
मध्ये फिरतं स्टूल.
भाषा मी ढुंगणानं बदलायचो,
असं तेच सांगतात, आणि तेच हसतात.

आता एकच संगणक. पुतण्यानं बंगळूरहून धाडलेला,
विंडोज झेपेना म्हणून लिनक्स घातलेला.
मी गेलो तेव्हा पडद्यावर
अर्जदाराचं गाव होतं: ककककककणकुंबी.
"हात जड झालाय रे," म्हणाले,
"बोट उचलेपर्यंत हे आपलं मोजत बसतंय."

सेटिंग उघडलं. कळफलक.
कळ दाबून धरली तर अक्षर पुन्हा उमटावं का,
किती थांबून, किती वेगानं.
कुणीतरी, कुठल्यातरी देशात बसून
माणसाच्या बोटाला ठरवून दिलेला अर्धा सेकंद.
मी पट्टी उजवीकडं सरकवली. एक. दीड.
"अजून?"
"अजून थोडं. कंडक्टरला सांग, म्हातारं उतरतंय."

मग भाषा. यादीत मराठी घेतली, तिच्याखाली कन्नड.
अदलाबदलीला कळ कुठली द्यावी?
दोन कळा एकदम त्यांना जमणार नव्हत्या.
कॅप्स लॉक मोकळंच होतं.
"मोठी अक्षरं नाहीतच," मी म्हणालो,
"ना आपल्यात, ना त्यांच्यात."
"त्यांच्यात म्हणजे कुणाच्यात?
माझी आई संपगावची."

मी गप्प. कॅप्स लॉकला ते काम लावलं
आणि त्याच्या बारक्या हिरव्या दिव्यालाही:
विझलेला असला तर मराठी,
लागला की कन्नड.

पुढच्या मंगळवारी बाकड्यावर चांगुना घाडी होती,
जांबोटीकडची. नवरा वारलेला,
त्याच्या खात्यातले पैसे मिळावेत म्हणून अर्ज.
लुमाण्णांनी पानभर टाइप केलं,
नजर तिच्या तोंडाकडं, बोटं सवयीवर,
आणि दिवा लागलेला.

पान छापून आलं.
अर्ज मराठी, लिपी सगळी कन्नड.
कारण दिवा विझलेला असताना जिथं क,
दिवा लागल्यावरही तिथंच क.
ळ त्याच शिफ्टखाली. वेलांटी त्याच बोटाला.
बोटाला काहीच कळलं नव्हतं.

ते कागद फाडायला निघाले.
"थांबा ओ."
तिची शाळा धारवाडातली, चौथीपर्यंत,
वडील तिथं बाजारात हमाल होते.
मराठी ती घरात बोलली, भांडली, रडली,
वाचली मात्र कधीच नव्हती.
पहिल्या ओळीवर तिनं बोट ठेवलं
आणि सरळ वाचत गेली,
जरा मोठ्यानं, वर्गात वाचतात तसं.
झेरॉक्सवाला पोरगा मशीन थांबवून बघत राहिला.
नवऱ्याचं नाव आलं, तिथं बोट थांबलं.
दीड सेकंदाहून जास्त.
अक्षर दुसऱ्यांदा उमटलं नाही.

मग पुढं. फक्त बँकेवरचा चंद्र
त्या लिपीत उगवलाच नव्हता.
"हे 'बक' काय ओ?"
"बगळा," लुमाण्णा म्हणाले.
"पैसे त्याच्याकडंच आहेत तुझे."
ती हसली. पदर तोंडाला लावून, पुष्कळ वेळ.

तो कागद कुठल्याच खिडकीत चालणार नव्हता.
तिनं चार घड्या घालून पिशवीत ठेवला.
"याचे किती?"
"चुकीचे घेत नाही मी."

कॅप्स लॉक दाबून ते पुन्हा वरून बसले.
बदलताना टिक वाजेल असं करून देऊ का, मी विचारलं.
ऐकलं नसावं. 'दिनांक' लिहीत होते,
एकेक अक्षर,
आणि दर अक्षराला दिव्याकडं बघत.